दूरचा डॉक्टर आणि जवळचा माणूस

आमच्या बालपणी वसईच्या किनारपट्टीवरील गावांत डॉक्टर घरी येत असत. सायकलला चामड्याची पेटी अडकवून ते वाडीत शिरले की घरातली वडीलधारी बाई तांब्याभर पाणी, धुतलेला पंचा आणि साबणाची नवी वडी ओट्यावर काढून ठेवी. नाडी पाहण्याआधी डॉक्टर पावसाची आणि केळीच्या भावाची चौकशी करीत, आजाऱ्याच्या खाटेवर बसत, जीभ पाहत, पोट चाचपत आणि निघताना उंबऱ्यावर थांबून घरच्या कर्त्या माणसाशी हलक्या आवाजात दोन शब्द बोलत. पुढे दवाखाने वाढले, रुग्णालये उभी राहिली आणि डॉक्टरांचे घरी येणे थांबले; आजारी माणूसच रिक्षातून त्यांच्याकडे जाऊ लागला. अलीकडच्या काही वर्षांत तिसरी रीत रूढ झाली आहे. रुग्ण आपल्या जागी, डॉक्टर आपल्या जागी आणि दोघांच्या मध्ये तळहाताएवढी काच! या रीतीला आपण दूरवैद्यक म्हणू या.

धर्मगुरूने वैद्यकाच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यावयास आम्ही घरोघर जातो. काही वर्षे डोंगरातील मिशनमध्ये गेली, काही किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांत. डॉक्टरांच्या खालोखाल आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचे भाग्य धर्मगुरूलाच लाभते. त्या उशाशी पूर्वी औषधाची बाटली, जपमाळ आणि पाण्याचे फुलपात्र असे; आता त्यांच्या जोडीला मोबाईल असतो. त्या मोबाईलने आजाऱ्याला काय दिले आणि काय देणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे, हे पाहण्याची संधी आम्हांला वारंवार मिळते. त्यातूनच हे चार विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वैद्य आणि रुग्ण यांच्यामध्ये यंत्र आले म्हणजे माणुसकी गेली, अशी हळहळ अनेकजण व्यक्त करतात. तथापि इतिहास निराळेच सांगतो. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लाएनेक या डॉक्टरांपुढे हृदयविकाराने त्रस्त झालेली एक तरुणी आली. छातीला कान लावून ठोके ऐकण्याची त्या काळची पद्धत त्यांना तिच्या बाबतीत अनुचित वाटली. त्यांनी कागदांची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. आणि आश्चर्य असे की ठोके अधिकच स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म असा झाला. वैद्याचा कान आणि रुग्णाची छाती यांच्यात वीतभर अंतर पडले खरे, परंतु ते अंतर स्त्रीची लाज राखण्यासाठी होते आणि त्यामुळे निदान सुधारले. अंतर नेहमीच अनादराचे नसते, हा त्यातला पहिला धडा.

पुढे १९०५ साली हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोवेन यांनी रुग्णालयातील आजाऱ्यांच्या हृदयाचे विद्युत्स्पंद टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत आणून नोंदले. त्यांचे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णाकडे नेणे अशक्य होते. ज्या 'कार्डिओग्राम'च्या पट्टीकडे आज आपण धडधडत्या मनाने पाहतो, तिचे हे जनक. त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे दूरवैद्यकाची कल्पना आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळची आहे.

परंतु आमच्या मनात घर करून राहिलेली हकिगत समुद्रावरची आहे. १९३५ साली रोममध्ये डॉक्टर ग्विदो ग्विदा यांनी एक केंद्र स्थापन केले. भर समुद्रात खलाशी आजारी पडला तर जहाजाने बिनतारी संदेश पाठवावा आणि रोममधील डॉक्टरांनी तत्काळ सल्ला द्यावा. जहाज कोणत्याही देशाचे असो, मोबदला काही नाही. या केंद्राचे पहिले अध्यक्ष होते गुल्येल्मो मार्कोनी, १९३१ साली व्हॅटिकन रेडिओ उभारून देणारे तेच शास्त्रज्ञ. हे केंद्र आजही चालू आहे. गोव्यातील, मुंबईतील आणि वसईतील ख्रिस्ती घरांतून किती तरुण जहाजावर गेले, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. किनाऱ्यापासून आठ दिवसांच्या अंतरावर पोटात कळ उठली म्हणजे काय होते, ते त्या घरांनाच ठाऊक.

मात्र या सेवेची एक बाजू सहसा लक्षात येत नाही. रोममधून शब्द येई, पण हात येत नसे. जहाजावर औषधांची पेटी असावी लागे, तिच्यातले काय कशासाठी हे जाणणारा एखादा अधिकारी असावा लागे आणि त्याने त्या खलाशाच्या बिछान्याशी बसून दुखते कुठे, ताप किती, पोट कडक की मऊ हे पाहून उलट कळवावे लागे. त्या अधिकाऱ्याचे बोट चुकले तर रोममधील विद्वत्ता व्यर्थ! दूरच्या डॉक्टरला जवळचा माणूस लागतो. या लेखाचे सार आम्हांला विचाराल तर एवढेच आहे.

आपल्या देशात २००० साली आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यातील रुग्णालय उपग्रहाच्या साहाय्याने शहरातील तज्ज्ञांशी जोडले गेले. पुढील वर्षांत भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने अशी अनेक रुग्णालये जोडली. परंतु सर्वसामान्यांच्या दारापर्यंत ही सोय पोहोचली ती 'ई-संजीवनी' या शासकीय योजनेने. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली. पाठोपाठ कोविडची साथ आली, दवाखान्यांची दारे बंद झाली, आणि १३ एप्रिल २०२० पासून रुग्णाला घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेता येऊ लागला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या योजनेतून १० कोटी सल्ले दिले गेले होते. सल्ला विनामूल्य मिळतो आणि औषधाची चिठ्ठी मोबाईलवर येते.

या योजनेचे दोन मार्ग आहेत. एका मार्गाने रुग्ण स्वतःच्या मोबाईलवरून डॉक्टरांशी बोलतो. दुसऱ्या मार्गाने तो गावच्या उपकेंद्रात जातो आणि तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्याची तपासणी करून, त्याला शेजारी बसवून, तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांशी पडद्यावर गाठ घालून देतो. सपाटीवर ५ हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३ हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा शासनाचा दंडक आहे. गरीब माणसाला चालत जाता येण्याजोगे सरकारी आरोग्याचे ठिकाण म्हणजे हे उपकेंद्र.

या दुसऱ्या मार्गाचे मोल आम्हांला डोंगरातच कळले. आमच्या जुन्या मिशनच्या परिसरात एका पाड्यावर राहणारी एक बाई दंडावरचा फिकट चट्टा पदराआड झाकून वावरत असे. भगताने अंगारा लावला होता, बाजारातल्या दुकानदाराने गजकर्णाचे मलम दिले होते. जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचे म्हणजे पहाटे जीप गाठायची, दिवसाची मजुरी बुडवायची, लहान मूल शेजारणीकडे ठेवायचे आणि तेथे कोणत्या खिडकीपाशी उभे राहायचे हे कोणाला तरी विचारायचे. ती कधीच गेली नसती. आशाताईने तिला समजावून उपकेंद्रात आणले. त्या दिवशी काही कामानिमित्त आम्हीही तेथे होतो आणि बाईच्या आग्रहावरून आत बसलो.

पडद्यावर त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर आल्या. त्यांनी चट्टा उजेडात धरावयास सांगितले, नीट पाहिला आणि मग समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या तरुणीला म्हणाल्या, "त्यांना डोळे मिटायला सांगा. कापसाची वात करा, आधी चांगल्या कातडीला लावा, मग चट्ट्याला. प्रत्येक वेळी कुठे लागले ते त्यांना बोटाने दाखवू द्या." तरुणीने तसे केले. चांगल्या कातडीवर कापूस टेकला की बाई लगेच बोट ठेवी. चट्ट्यावर टेकला की ती तशीच स्वस्थ बसून राही. दोनदा, तीनदा तसेच झाले. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून तरुणीने बाईच्या कोपराजवळची नस बोटांनी चाचपली आणि ती जाड लागत असल्याचे सांगितले.

निदान कुष्ठरोगाचे होते. चट्टे किती व नसा किती हे पाहून सहा किंवा बारा महिने विनामूल्य औषध घेतले म्हणजे हा रोग बरा होतो. वेळीच घेतले तर हातापायांत व्यंग राहत नाही. ती बाई आज पूर्ण बरी असून शेतात आवणीला जाते. कुष्ठरोग्याला प्रभू येशूने शब्दाने बरे केले असते, तरीही त्याने हात पुढे करून त्याला स्पर्श केला, हे संत मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आम्हांला सांगतो. त्या दिवशी उपकेंद्रात ज्ञान शहरातून आले होते. स्पर्श मात्र त्या तरुणीचा होता. त्या दोहोंपैकी एकही नसते तर बाईची बोटे पुढेमागे वाकडी झाली असती.

याच नाण्याची दुसरी बाजू आमच्या सध्याच्या धर्मग्रामात दिसली. एका सुखवस्तू घरातील वृद्ध गृहस्थ मधुमेहाने आजारी. मुलगा परदेशात, मोठ्या प्रेमाचा. त्याने एका खासगी कंपनीच्या सेवेचे वर्षभराचे पैसे भरले होते. दर पंधरवड्याला बाबा खुर्चीत बसत, समोर मोबाईल उभा केला जाई, साखरेचा आकडा सांगितला जाई, डॉक्टर गोळी कमीअधिक करीत. चेहरा टवटवीत, आवाज खणखणीत. पाय मात्र खाली मोज्यांत असत आणि मोबाईल त्यांच्यापर्यंत कधी पोहोचला नाही. मधुमेहात पायांची संवेदना मंदावते, म्हणून जखम दुखतही नव्हती. एके दिवशी वस्तीवरची परिचारिका दुसऱ्याच कामासाठी त्या घरी आली, ओट्यावर टेकली आणि तिला वास आला. "बाबा, मोजे काढा बघू," ती म्हणाली. दोन बोटे काढावी लागली, पाय वाचला.

त्या डॉक्टरांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांना जे दाखवले, ते त्यांनी पाहिले. काचेला चेहरा दिसतो, वास येत नाही. भारतात २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची जी अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली, त्यांनी ही मर्यादा मान्य केली आहे. दूरचा सल्ला पुरेसा नाही असे वाटले तर रुग्णाला प्रत्यक्ष बोलावणे हे डॉक्टरांचे कर्तव्य. काही औषधे अशा सल्ल्यावर लिहून देण्यास मनाई. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आवश्यक. त्यात आणखी एक कलम आहे, ज्याचे महत्त्व अलीकडे फार वाढले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्राने स्वतः होऊन रुग्णास सल्ला देऊ नये वा औषध लिहू नये. ते नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावे. यंत्राने डॉक्टरांना मदत करावी, त्यांची खुर्ची घेऊ नये. आजाराची लक्षणे मोबाईलला विचारून परस्पर गोळ्या घेणाऱ्या आमच्या तरुण वाचकांनी हे कलम ध्यानात ठेवावे.

आता एक नाजूक प्रश्न. मोबाईल कोणाच्या हातात आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के आढळल्या. उरलेल्या नवऱ्याच्या, मुलाच्या वा दिराच्या फोनवर अवलंबून. डॉक्टरांशी बोलण्यापूर्वी जो अंकांचा संकेत येतो तो त्या फोनवर, आणि औषधाची चिठ्ठीही त्याच फोनवर. अंगावरून जाण्याची तक्रार, दिवस राहू नयेत याची काळजी, घरातल्या मारहाणीच्या खुणा, यांविषयी ती बाई दिराच्या फोनवर काय बोलणार? उपकेंद्रातही पुष्कळदा एकच खोली असते, दार उघडे असते, आवाज मोठा ठेवावा लागतो आणि बाकावरची माणसे कान टवकारून बसलेली असतात. पापनिवेदनाच्या जागेला जाळी आणि पडदा का असतो, हे आमच्या भाविकांना ठाऊक आहे. आजाऱ्याच्या निवेदनालाही आडोसा हवा. लाएनेक यांना ते दोनशे वर्षांपूर्वी उमगले होते.

हेच नोंदींविषयीही. सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य अभियानात प्रत्येकाला १४ आकडी आरोग्य क्रमांक मिळू शकतो आणि त्याच्या आधारे जुने कागद, तपासण्या, चिठ्ठ्या एकत्र ठेवता येतात. प्लास्टिकच्या पिशवीत दहा वर्षांचे जीर्ण कागद घेऊन हिंडणाऱ्या वृद्धांना हा मोठाच दिलासा आहे. परंतु हा क्रमांक ऐच्छिक आहे, आणि आपल्या नोंदी कोणाला दाखवायच्या हे संमतीने ठरते. समोरच्याने सांगितले म्हणून न वाचता 'होय' दाबणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवण्यासारखे आहे. जमिनीच्या व्यवहारांत आमच्या पूर्वजांनी त्याची किंमत मोजली आहे.

यंत्राच्या रांगेत दुबळा मागे पडतो, याचा अनुभव २०२१ साली लसीकरणाच्या वेळी साऱ्या देशाने घेतला. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठी मोबाईलवरील नोंदणी सक्तीची होती. जलद बोटांची शहरी मुले खेड्यांतल्या केंद्रांवरच्या जागा पटकावीत, आणि त्या गावची माणसे केंद्रासमोर उभी राहून मोटारी येताना-जाताना पाहत. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात शासनाला याबद्दल जाब विचारला. पुढे केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मुभा सर्वत्र मिळाली. ज्याला यंत्र हाताळता येत नाही त्याच्यासाठी एक माणूस आणि एक वही शिल्लक ठेवलीच पाहिजे, हा त्यातला बोध.

आमच्या ख्रिस्तसभेलाही या प्रश्नाला सामोरे जावे लागले आहे. २००२ साली व्हॅटिकनच्या संबंधित समितीने इंटरनेटचे स्वागत करतानाच स्पष्ट केले होते की, इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. साथीच्या दिवसांत आम्ही रिकाम्या मंदिरात कॅमेऱ्यासमोर मिस्सा अर्पण केली आणि घरोघरच्या आजाऱ्यांना तिने धीर दिला, हे निर्विवाद. तथापि निर्बंध उठल्यावर पहिल्या शुक्रवारी आम्ही पुन्हा घरोघर गेलो तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या एका आजींनी आमचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला तो बराच वेळ सोडला नाही. कॅमेऱ्यावर त्या नाराज नव्हत्या. त्यांना हात हवा होता.

मग आपल्या धर्मग्रामांनी काय करावे? मोठे रुग्णालय उभारणे प्रत्येकाच्या आवाक्यात नाही. पण जवळचा माणूस होणे सर्वांच्या आवाक्यात आहे. ज्या तरुण-तरुणींची बोटे मोबाईलवर इतकी चपळ आहेत, त्यांनी आठवड्यातून एक तास आपल्या वस्तीतल्या एकट्या वृद्धांसाठी द्यावा. डॉक्टरांशी गाठ घालून द्यावी, साखर व रक्तदाब वहीत लिहून ठेवावा, चिठ्ठीवरचे औषध आणून डबीत दिवसवार लावून द्यावे. ऐकलेले घराबाहेर नेऊ नये. पडद्यावरील डॉक्टरांनी "प्रत्यक्ष दाखवा" म्हटले तर रिक्षा बोलावून सोबत जावे. परदेशातल्या लेकरांनी आईवडिलांना चेहऱ्याबरोबर पायही दाखवावयास सांगावेत. छातीत कळ, तोंड वाकडे होणे, श्वास कोंडणे अशा वेळी पडद्यापुढे क्षणभरही न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणि एक क्रमांक प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे: १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा मनाच्या आजारांसाठी आहे. अहोरात्र आणि विनामूल्य. आपल्या समाजात तापाची चर्चा ओट्यावर होते, मनाच्या आजाराची दाराआडही होत नाही. 'लोक काय म्हणतील' या भीतीने जो माणूस मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्याची पायरी चढणार नाही, तो रात्री दोन वाजता, चेहरा न दाखवता, फोन मात्र करू शकेल. येथे अंतर हेच वरदान आहे. असा फोन करणाऱ्याला पुढे घरच्यांनी जवळ घेतले पाहिजे, हे मात्र कोणत्याही शासकीय योजनेत लिहिता येत नाही.

यंत्राचे स्वागत करताना आपल्या उपकेंद्रात परिचारिका आहे का, तिची जागा रिकामी तर नाही, खोलीला पडदा आहे का, पावसाळ्यात वीज गेल्यावर काय होते, असे प्रश्न ग्रामसभेत उठून विचारणे हेही आजाऱ्याच्या सेवेतच मोडते. पडदा बसवल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. त्यापुढे बसून आजाऱ्याचा दंड हाती घेणारी ती तरुणी उद्या बदलून गेली आणि तिच्या जागी कोणी आलेच नाही, तर त्याची बातमी होत नाही. ती बातमी आपण ठेवली पाहिजे.